उभे राहण्याचे एकोणीस दोष



गेल्या महिन्यात या सदराच्या एका वाचकबंधूंचे चार पानी पत्र आले. वय एकसष्ट, तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान. तरुणपणी गादीवर मांडी घालून बसत. पुढे मुलाने दुकानाचे रूप पालटले, गादी गेली, काचेचे काउंटर आले, आणि बसण्याची जागा उभे राहण्याने घेतली. आता दोन्ही गुडघे धरले आहेत. डॉक्टरांनी जमिनीवर बसणे आणि उकिडवे बसणे बंद करावयास सांगितले. त्याबरोबर त्यांची सामायिकही सुटली. स्थानकात खुर्च्या आहेत; परंतु महाराजसाहेब पाटावर विराजमान असताना आपण समोर खुर्ची मांडून बसणे त्यांना अविनय वाटतो. म्हणून त्यांनी जाणेच थांबविले. मध्यंतरी एका मित्राच्या आग्रहावरून ते योगवर्गास गेले. दुसऱ्याच दिवशी जलद श्वासाच्या क्रियेत डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. वर्गही सुटला. पत्राच्या अखेरीस प्रश्न एवढाच, की पुन्हा मांडी घालता येईल असे एखादे आसन सांगावे.

असे आसन बहुधा नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितलेले बरे. झिजलेली कूर्चा आसनाने पुन्हा उगवत नाही. मांडीचे स्नायू बळकट केल्यास गुडघ्यावरील भार हलका होतो, वेदना कमी होते, जिना चढणे सुसह्य होते; हे सारे खरे आहे आणि त्यासाठी पुढे दोन सोप्या हालचाली दिल्या आहेत. पण विशीतली मांडी साठीत परत मिळेल, अशी आशा मी दाखविणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या बंधूंची सामायिक गुडघ्याने सोडविलेली नाही. सामायिक म्हणजे मांडी घालून बसणे, या समजुतीने ती सोडविली आहे.

आपल्या मंदिरांतील जिनप्रतिमा पाहाव्यात. तीर्थंकरांची मूर्ती दोनच मुद्रांत घडविलेली असते : पद्मासनात, किंवा उभी, कायोत्सर्ग मुद्रेत. कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावर अठ्ठावीस फुटांची संगमरवरी मूर्ती आहे. तिच्यापुढे आपण माथा टेकवतो, छायाचित्र काढतो आणि खाली येतो. भगवान उभे कसे आहेत, हे पाहणारा विरळा. दोन्ही पायांवर भार सारखा. हात मांड्यांलगत सरळ सोडलेले, पण ताठरलेले नाहीत. खांदे खाली. हनुवटी ना उचललेली, ना छातीकडे झुकलेली. परंपरेने या मुद्रेचे मापही सांगितले आहे : दोन्ही पावलांत पुढच्या बाजूस चार अंगुळे अंतर, टाचांकडे त्याहून किंचित कमी. आजच्या व्यायामशास्त्राच्या शिक्षकाने उभे राहण्याची योग्य रीत शिकवावयाची म्हटली, तर तो याहून फारसे निराळे काही सांगणार नाही.

आणि ही मुद्रा कशी बिघडते, तेही आपल्या आचार्यांनी टिपून ठेवले आहे. श्वेतांबर परंपरेत काउस्सग्गाचे एकोणीस दोष सांगतात. दिगंबर ग्रंथांत ही संख्या बत्तीसपर्यंत जाते. लहानपणी पाठशाळेत आम्ही ही नावे घोकली आणि त्यांतील प्राण्यांना हसलो. आज वाटते, ज्यांनी ही यादी केली त्यांनी माणसांना उभे असताना फार बारकाईने न्याहाळले असले पाहिजे. पहिलाच दोष ‘घोटक’. घोडा जसा एक पाय दुमडून तीन पायांवर भार टाकतो, तसे एका पायावर रेलून उभे राहणे. संध्याकाळी कोणत्याही बाजारपेठेतून चक्कर मारावी. काउंटरमागचा दर दुसरा माणूस घोटक दोषात उभा दिसेल. डावा पाय सैल, उजव्या कमरेवर सारे ओझे, एक कोपर काचेवर. तीस वर्षे असे उभे राहिल्यावर एकच गुडघा आधी का गेला, असे विचारण्याचे कारण उरत नाही. आमच्या वाचकबंधूंचाही उजवा गुडघा आधी गेला.

‘लता’ म्हणजे वाऱ्यावरच्या वेलीसारखे झुलणे. ‘निगड’ म्हणजे पायांत बेडी असल्याप्रमाणे पावले फार फाकवून किंवा फार जुळवून उभे राहणे. ‘वधू’ म्हणजे नववधूसारखी मान खाली घालणे. या शेवटच्या दोषाचा प्रसार मोबाइलने इतका केला आहे, की नववधू तेवढी आता मान वर करून चालते आणि बाकीचे घर वधू दोषात असते. प्रौढ माणसाचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे. ते मणक्याच्या सरळ रेषेत असते तोवर मानेला जाणवत नाही, पुढे झुकले की मानेच्या मागचे स्नायू दिवसभर ते दोरीने ओढून धरल्यासारखे धरून ठेवतात. रात्री गल्ला मोजताना होणारी डोकेदुखी पुष्कळदा तिथूनच निघते. ‘वायस’ म्हणजे कावळ्यासारखी भिरभिरती नजर, ‘कपित्थ’ म्हणजे कवठासारखा वस्त्राचा गोळा मुठीत धरून ठेवणे, ‘प्रेक्षा’ म्हणजे वानरासारखे ओठ हलविणे. आवळलेली मूठ, फिरणारी नजर, पुटपुटणारे ओठ : उधारी अडकलेल्या माणसाचे वर्णन करावयास आणखी काय हवे?

तेव्हा त्या बंधूंना माझी पहिली सूचना अशी. दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी, कुलपाला किल्ली लावण्याआधी, एका लोगस्सपुरते दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभे राहावे. गुडघे सरळ, पण मागे ताणून कुलूप घातल्यासारखे नव्हेत. हात सोडलेले, मूठ उघडी, दात एकमेकांवर न दाबलेले. दिवसात गिऱ्हाईक नसेल तेव्हा आपण घोटकात गेलो आहोत का, हे एकदा पाहावे आणि भार दोन्ही पायांवर आणावा. एवढे केले तरी आठ-दहा दिवसांत कंबरेला फरक कळतो. काउंटरखाली चार बोटे उंचीची लाकडी पाटली ठेवून त्यावर आलटून पालटून एकेक पाय ठेवला, तर दीर्घ काळ उभे राहणाऱ्यास आणखी आराम पडतो. (हा घोटक दोष नाही काय, असे कोणी विचारील. दुकानातले उभे राहणे काउस्सग्ग नव्हे. तिथे आराम हाच हेतू आहे.)

आता श्वासाविषयी. काउस्सग्ग मिनिटांत मोजत नाहीत, श्वासोच्छ्वासांत मोजतात, हे आपल्यापैकी अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. सूत्राचा एक चरण म्हणजे एक श्वास. लोगस्सच्या सात गाथा. काउस्सग्गात सातव्या गाथेच्या पहिल्या चरणापर्यंतच चिंतन करावयाचे, म्हणजे पंचवीस चरण, पंचवीस श्वास. एका नवकाराचे आठ श्वास धरतात. दिगंबर बांधवांत नऊ णमोकार आणि सत्तावीस श्वास, म्हणजे एका मंत्राला तीन श्वास, असे प्रमाण आहे. दैवसिक प्रतिक्रमणाला शंभर श्वास, रात्रिकाला पन्नास, पाक्षिकाला तीनशे, चातुर्मासिकाला पाचशे आणि सांवत्सरिकाला एक हजार आठ, असे जुने माप आहे. लोगस्सची संख्या संप्रदायानुसार बदलते. ज्याने त्याने आपल्या गुरुआम्नायाप्रमाणे चालावे.

विश्रांत अवस्थेत निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. पंधरा धरले तरी एका लोगस्सला पावणेदोन मिनिटे लागली पाहिजेत आणि संवत्सरीच्या मोठ्या काउस्सग्गाला तासाहून अधिक. आपण तो किती मिनिटांत उरकतो, हे प्रत्येकाने मनाशी आठवावे. चरण आणि श्वास यांची फारकत झाली आणि काउस्सग्गाचा देहाला होणारा लाभही निसटला. कारण लाभ आहे तो या मंद गतीतच. श्वास सावकाश झाला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या एका नाडीमार्फत हृदयाची गती उतरते, रक्तवाहिन्यांवरील ताण सैल होतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, न रोखता, न रेटता, काही मिनिटे घेत राहिल्यास रक्तदाब किंचित खाली येतो. किंचित, एवढेच मी म्हणते. ही गोष्ट गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही. ध्यान सुरू केले म्हणून औषध आपणहून सोडलेल्या दोन गृहस्थांना मी रुग्णालयात भेटून आले आहे.

इथे मला एक प्रसंग सांगितला पाहिजे. तो सांगण्यास मी बरीच वर्षे कचरले.

माझे सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. भुसार मालाच्या आडतीवर त्यांचे आयुष्य गेलेले. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक वर्षांच्या. त्या वर्षी पाय सुजल्याने त्यांना स्थानकात जाणे जमेना, म्हणून संवत्सरीचे प्रतिक्रमण आम्ही घरीच केले आणि सूत्रे मी म्हणत होते. त्यांचा चौविहार उपवास होता. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मोठा काउस्सग्ग सुरू झाला. निम्म्याच्या सुमारास त्यांनी भिंतीतल्या कपाटावर हात टेकला. एकोणीस दोषांत ‘स्तंभकुड्य’ हा एक आहे, खांबाचा किंवा भिंतीचा टेका घेणे. आणि मला एकोणीसही पाठ होते. मी भुवई उंचावून त्यांच्या हाताकडे खूण केली. सासऱ्यांनी सुनेचा मान राखला. हात काढून घेतला. थोड्या वेळाने ते सरळ खाली कोसळले. डावे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते.

माझी नजर त्यांच्या हातावर होती, म्हणजे वायस दोष माझ्याकडे होता. भुवईने खूण केली, तोही एकोणीसांतलाच एक दोष. हे मला नंतर सुचले. पण अधिक बोचले ते दुसरेच. काउस्सग्गात उभे राहण्यापूर्वी जे अन्नत्थ सूत्र मी स्वतः मोठ्याने म्हटले होते, त्यात आगार आहेत, म्हणजे सवलती. श्वास घेणे आणि सोडणे, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, अधोवायू. अंगाचे, कफाचे, दृष्टीचे सूक्ष्म हलणे. आणि याच मालिकेत भोवळ आणि पित्ताची मूर्च्छा. देहाचा त्याग करावयास निघालेला साधक सूत्राच्या आरंभीच कबूल करतो, की देह आहे, तो खोकेल, शिंकेल, त्याला चक्कर येईल, आणि त्याने माझा काउस्सग्ग भंगला असे न होवो. इतके मृदू शास्त्र माझ्या तोंडात होते आणि डोळ्यांत मात्र पाठशाळेची छडी.

देहाच्या बाजूने पाहिले तर काय घडले, हेही समजून घ्यावे. निश्चल उभे राहिल्यास रक्त पायांत साचते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात. स्थिर उभे असताना ते काम थांबते. उपवासामुळे शरीरातील पाणी कमी, वर रक्तदाब उतरविणाऱ्या औषधाचा परिणाम. मेंदूला रक्त अपुरे पडते आणि माणूस पडतो. म्हणून वयस्कर, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण, गर्भवती भगिनी आणि मोठी तपश्चर्या चालू असलेले यांनी दीर्घ काउस्सग्ग बसून करावा. काउस्सग्ग उभ्याने, बसून आणि निजूनही होतो, हे आवश्यक निर्युक्तीपासून मान्य आहे. उभ्याने सुरू केला आणि कानांत गुंजी, डोळ्यांपुढे ठिपके, अंगाला थंड घाम, यांपैकी काही जाणवले तर त्याच क्षणी खाली बसावे. उपवासाच्या दिवशी गोळ्यांचे, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्यांचे आणि इन्सुलिनचे काय करावयाचे, हे तप सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवावे; पारण्याच्या दिवशी नव्हे.

आता खुर्ची. खुर्ची चार पायांची, न डुगडुगणारी, चाके नसलेली असावी. बसण्यापूर्वी ती पूंजून घ्यावी. उंची अशी, की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. न टेकल्यास पायांखाली पाट घ्यावा. सामायिकेचे जे बत्तीस दोष आहेत, दहा मनाचे, दहा वचनाचे, बारा कायेचे, त्यांत टेका घेणे हा कायेचा दोष आहे खरा. परंतु तो विनाकारण टेका घेण्याचा. पाठीच्या दुखण्यासाठी घेतलेला आधार विनाकारण नसतो. पाठ सुस्थितीत असेल त्याने खुर्चीच्या पाठीपासून मूठभर पुढे बसावे, एवढे पुरे.

त्याच बारा दोषांत अंग आखडणे-पसरणे आणि बोटे मोडणे हेही आहेत. तेव्हा ज्या काही हालचाली करावयाच्या त्या सामायिक घेण्यापूर्वी, पच्चक्खाणाच्या आधी उरकाव्यात. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यातून सरळ करावा, पंजा आपल्याकडे ओढावा, तीन श्वास तसाच ठेवून सावकाश खाली आणावा, मग दुसरा. असे दहा-दहा वेळा. मांडीचा पुढचा स्नायू यानेच बळावतो, आणि गुडघ्याला हवा आहे तो तोच. दुसरी हालचाल, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि धपकन न बसता हळूहळू बसणे. न जमल्यास हातांचा आधार घ्यावा, पाच वेळांनी आरंभ करावा. खांदे श्वासाबरोबर वर, उच्छ्वासाबरोबर खाली. मान उजवीकडे, डावीकडे. गोल गरगर फिरवू नये. घोटे फिरवावेत. दहा मिनिटांत हे सारे होते. तीव्र वेदना झाली तर थांबावे. ओढ जाणवणे निराळे, कळ येणे निराळे. श्वास रोखून धरण्याच्या क्रिया, जलद श्वासाच्या क्रिया आणि डोके खाली पाय वर अशी आसने रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी टाळावीत. एका गोष्टीचा मला विशेष आनंद वाटतो : आपण जिला जयणा म्हणतो, म्हणजे पाहून, पूंजून, सावकाश हालणे, तीच व्यायामातही सांधे वाचविते. मुंगीला जपणारा माणूस आपल्या गुडघ्यालाही आपोआप जपतो.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात राजा कुमारपालासाठी योगशास्त्र रचले. वाचकबंधूंच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. अनेक आसनांची वर्णने दिल्यावर आचार्य म्हणतात, की ज्या आसनाने मन स्थिर होईल तेच ध्यानाचे साधन समजावे. प्राणायामाचे सविस्तर विवेचन करूनही त्यांनी असा अभिप्राय दिला आहे, की श्वास दाबण्याच्या कष्टाने शिणलेल्या मनाला स्वास्थ्य लाभत नाही. आपल्या काळात आचार्य महाप्रज्ञजींनी ज्या पद्धतीला 1975 मध्ये प्रेक्षाध्यान हे नाव दिले, तिचीही पहिली पायरी कायोत्सर्गाची, आणि श्वास तिथे पाहावयाचा असतो, ओढावयाचा नसतो.

एक शंका पत्रात नाही, पण वाचकांपैकी कोणी काढील. रक्तदाब उतरावा म्हणून सामायिक करणे हा मनाच्या दहा दोषांतला ‘लाभार्थ’ नव्हे काय? आहे. म्हणूनच मी हालचाली पच्चक्खाणाच्या बाहेर ठेवावयास सांगितले. देहासाठी जे करावयाचे ते त्या दहा मिनिटांत उघडपणे देहासाठी करावे. पुढची अठ्ठेचाळीस मिनिटे हिशोबाबाहेर ठेवावीत. त्यांत रक्तदाब उतरला तर तो व्याजासारखा आला असे समजावे, पण सामायिक उठताच यंत्र लावून तो मोजू नये. व्यापारी मन फार चतुर असते. रोजमेळ मिटला की ते दुसरी वही उघडते.

राहिला अविनयाचा प्रश्न. सासऱ्यांच्या त्या पडण्यानंतर पुढच्या चातुर्मासात मी महासतीजींना हे सारे निवेदन केले. त्यांनी इतकेच विचारले, की खुर्ची पाटाहून उंच आहे काय. खुर्च्या मोजून पाहिल्या, त्या उंच होत्या. मग आमच्या संघाने सुताराकडून कमी उंचीच्या, रुंद पायांच्या सहा खुर्च्या करवून घेतल्या आणि खांबाच्या मागच्या रांगेत मांडल्या. पहिले दोन आठवडे त्यांवर कोणीही बसले नाही. तिसऱ्या आठवड्यात सासरे बसले. आता त्या बारा आहेत, आणि पर्युषणात त्याही कमी पडतात. वाचकबंधूंनी आपल्या संघाच्या मंत्र्यांना सुताराचे माप हवे असल्यास संपादकांमार्फत कळवावे. मी आनंदाने पाठवीन.